रुपरावांचा राहिलेला कोपरा

कावळा साडेअकरापर्यंत शिवला नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

रुपराव भोयरांच्या दहाव्याचा दिवस. अंबाझरीच्या काठावर भाताचा पिंड मांडलेला, पुरुषमंडळी हात जोडून उभी, बायका रिवाजाप्रमाणे पंधरा पावलं मागे. समोरच्या बाभळीवर एक कावळा होता. एकच. इतर वेळी अंबाझरीवर कावळ्यांचा सुकाळ असतो, माणसाच्या हातातला दाणा पळवतात; पण गरजेच्या दिवशी एक हजर, आणि तोही वरिष्ठ अधिकाऱ्यासारखा मान फिरवून बसलेला. मार्चचं ऊन चढत होतं. गुरुजींना पुढे आणखी एक दहावा होता.

मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि पुरी करण्याचं वचन द्यायचं. तेही मोठ्याने, बाभळीपर्यंत ऐकू जाईल असं.

कृष्णकांत हा एकुलता मुलगा. तो पुढे झाला. "बाबा, आईची फिकीर करू नका. मी पाहतो."

कावळ्याने पंख खाजवला.

"बाबा, प्रेमिलाताईचं लग्न करून देतो!"

कावळा उडाला आणि पलीकडच्या, जास्त लांबच्या झाडावर जाऊन बसला.

प्रेमिलाचं वय अडतीस. मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवत होती, आणि लग्नाचा विषय घरात निदान दहा वर्षं कुणी काढला नव्हता. तो आता चाळीस माणसांत निघाला होता, आणि एका पक्ष्याने फेटाळला होता. कावळ्याबद्दल तिला त्या क्षणी प्रथमच आदर वाटला.

मग नानाजी, म्हणजे रुपरावांचे धाकटे भाऊ, उमरेडचे. दोन भावांच्या शेतामधल्या बांधाचा तंटा जुना होता. "भाऊ, बांधाचं मी पाहतो," असं ते म्हणाले खरे, पण इतक्या हळू, की कावळा तर सोडाच, शेजारी उभ्या गुरुजींनाही "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं. नानाजींनी ते पुन्हा सांगितलं नाही.

उन्हाने सगळे घामेजले. कुणी म्हणालं सिगरेट ठेवा. रुपराव सिगरेट ओढत नसत. कुणी म्हणालं गाईकडून शिवून घ्या. गाय कुठून आणायची यावर चर्चा झाली. प्रेमिलाचा कावळ्यांवर विश्वास नव्हता. तिला फक्त घरी जायचं होतं आणि दार लावून घ्यायचं होतं. वैतागून ती पंधरा पावलं मागून म्हणाली, "कृष्णा, बीदर म्हण."

"बाबा, बीदर दाखवतो! रंगीन महाल दाखवतो तुम्हाले!"

कावळा सरळ खाली आला, आणि भात खाऊन, अर्धा पाण्यात पाडून निघून गेला.

आता हा रंगीन महाल. रुपराव बांधकाम खात्याच्या कचेरीत ट्रेसर होते. साहेबाने काढलेला नकाशा मेणकापडावर जसाच्या तसा उतरवायचा, हे काम. सत्तावीस वर्षांपूर्वी एका इंजिनिअराने जाडजूड पुस्तक कचेरीत आणलं. त्यात बीदरच्या किल्ल्यातल्या सुलतानी राजवाड्याच्या या दालनाचा फोटो होता. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेल, पान पान चमकणारं. रुपरावांनी तीन दुपारी जेवणाची सुटी मोडून ती वेल उतरवली. सगळी उतरली, खालचा डावा कोपरा सोडून. कारण माप कळावं म्हणून फोटोवाल्याने भिंतीपाशी एक खाकी शिपाई उभा केला होता, आणि तो नेमका कोपऱ्यावर उभा होता.

पुस्तक परत गेलं. शिपाई मात्र रुपरावांच्या डोक्यात मुक्कामाला आला. वेल कोपऱ्यात वळते कशी? फुलात संपते, की वळून वर जाते? पेन्सिलीने काढून पाहायचे, खोडायचे. मेणकापड त्या जागी विरलं. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि म्हणायचे, "त्या माणसाले दोन पावलं सरकायले काय झालं होतं?" घरातल्या कुणालाही 'कोणत्या माणसाला' हे विचारावं लागत नसे.

बीदरला जाण्याचा बेत दरवर्षी व्हायचा. पहिला बेत झाला तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होतं आणि बीदर निजामाकडे. मग नागपूर मुंबई राज्यात गेलं, तिथून महाराष्ट्रात आलं. बीदर म्हैसुरात गेलं, आणि आता तर त्याच राज्याला कर्नाटक म्हणू लागले होते. दोन्ही गावं एवढी हिंडली. रुपराव तेवढे रामदासपेठेतल्या दोन खोल्यांतून हलले नाहीत.

वचन दिल्यावर ते पाळायचं कसं, हा प्रश्न आला. शेजारच्या यमुताई तेराव्यालाच म्हणाल्या, "वर्षाच्या आत नेलं पाहिजे हो त्यायले. नाही तर आत्मा घरातच फिरते."

"फिरू द्या," प्रेमिलाची आई, गोपिकाबाई म्हणाल्या. "जिवंतपणी कुठे फिरले?"

कृष्णकांतने रजेचा अर्ज केला. तो सरळ मनाचा माणूस. हेडक्लार्कने खरं कारण लिही म्हटल्यावर त्याने खरं कारण लिहिलं: 'वडिलांना बीदर येथील रंगीन महाल दाखविण्याकरिता पाच दिवसांची रजा मिळावी.' आठव्या दिवशी उत्तर आलं. सदर कर्मचाऱ्याने मागील महिन्यात वडील मयत झाल्याच्या कारणास्तव रजा उपभोगली आहे. वडील मयत असल्यास प्रस्तुत अर्जाचे कारण असत्य ठरते. वडील हयात असल्यास मागील रजेचे कारण असत्य ठरते. तरी दोहोंपैकी कोणते असत्य आहे याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

कृष्णकांत हादरला. धावत जाऊन त्याने मृत्यूचा दाखला आणून दिला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला, फायलीला लावला आणि म्हणाला, "भोयर, आता तर हा अर्ज खोटा आहे हे तुम्हीच सिद्ध केलं." कृष्णकांतने दहाव्याची सगळी हकीकत सांगितली. हेडक्लार्कने सहानुभूतीने ऐकली. कावळा त्याच्याही घरी अडला होता. "पण कावळ्यासाठी रकाना नाही ना गा," तो म्हणाला. "नियमात बसत असतं तर मीच दिली असती."

रजा नामंजूर झाली. मेच्या सुट्टीत मोकळी अशी एकटी प्रेमिला होती, आणि कावळ्याला बीदर सुचवणारीही तीच.

"पोरीनं कसं न्यावं?" नानाजी उमरेडहून पहिल्या बसने येऊन म्हणाले. "वचन पोरानं देल्लं. आन् मी म्हणतो, मुसलमानाच्या राजवाड्यात आपल्या भावाचा आत्मा नेऊन करता काय?"

"भाऊजी, आत्मा नाही," गोपिकाबाई म्हणाल्या, "कोपरा पाहायले जाऊन राहिले ते."

"रामटेकले न्या. जवळ आहे. देवाचं आहे."

"रामटेकले तो कोपरा नाही."

नानाजी रागाने परत गेले आणि चौथ्या दिवशी वळकटी घेऊन हजर झाले. बीदरला नरसिंहाचं स्थान आहे, गुहेत छातीभर पाण्यातून चालत गेल्यावर देव दिसतो, असं त्यांना बसस्थानकावर कुणी तरी सांगितलं होतं. तेवढ्यात त्यांनी उमरेडभर 'भावाच्या नावानं यात्रेले चाललो' असं सांगूनही टाकलं होतं. "एकटी बाई कशी जाईन?" ते म्हणाले. "मीच नेतो तुले." प्रेमिला शाळेच्या चाळीस मुलींना एकटीने वेरुळला नेऊन सुखरूप परत आणत असे, पण हे बोलून उपयोग नव्हता.

मृत माणसाला न्यायचं म्हणजे काय न्यायचं? प्रेमिलाने पर्समध्ये पासपोर्ट साइझचा फोटो ठेवला. यमुताईंनी तो काढून हातावर ठेवला, डोळे बारीक केले. "एवढ्याशा फोटोतून त्यायले काय दिसन वं? भिंतीवरचा न्या."

भिंतीवरचा म्हणजे निवृत्तीच्या वेळी कचेरीने काढून दिलेला. वीस इंच बाय चोवीस, काच, सागवानी चौकट, वर चंदनाचा हार. फोटोग्राफरने 'इकडे पाहा' म्हटल्यावर रुपरावांनी भलतीकडेच पाहिलं होतं, त्यामुळे नजर जरा बाजूला गेलेली. यमुताईंच्या तेही लक्षात होतं. निघताना त्यांनी बजावलं, "उजवीकडून धरजो. नाही तर दुसऱ्याच भिंतीले पाहत राहतीन."

गोपिकाबाईंनी मेणकापडाची गुंडाळी असलेली पत्र्याची नळी तेवढी आणून प्रेमिलाच्या पिशवीत उभी ठेवली.

फोटो आडवा ठेवायला नानाजींनी साफ नकार दिला. मोठ्या भावाला झोपवून कसं न्यायचं? म्हणून रेल्वेच्या डब्यात तो खिडकीपाशी, गादीवर, सरळ बसला. नानाजी त्याच्या शेजारी, आणि प्रेमिला ट्रंकेवर. बल्लारशापर्यंत तीन जणांनी त्याला नमस्कार केला. पुढे एका बाईने काचेवर कपाळाच्या जागी कुंकू लावलं. सिकंदराबादच्या फलाटावर हमालाने नानाजींची वळकटी खाली ठेवून आधी फोटो उचलला, छातीशी धरला आणि गर्दीतून वाट काढत "बाजू, बाजू" असं ओरडत निघाला. रुपरावांसाठी आयुष्यात कुणी गर्दी बाजूला केली नव्हती. प्रेमिला वळकटी उचलून मागे चालली.

बीदरची बस गच्च भरलेली होती. कंडक्टरने फोटोकडे बोट करून विचारलं, "ये कौन महाराज हैं?"

इथे खरं बोलायला हरकत नव्हती. पण खरं बोलून बसमध्ये जागा मिळत नाही, हे नानाजींना माहीत होतं.

"सद्गुरू रुपराव महाराज," ते म्हणाले. "उमरेडवाले."

"काका!" प्रेमिला म्हणाली.

"तू चूप बस. तुलेच जागा करून देऊन राहिलो ना."

जागा मिळाली, दोन मिळाल्या. मागच्या बाकावर नरसिंहाला निघालेलं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि उपवर मुलगी. महाराज कशासाठी प्रसिद्ध, असं त्यांनी विचारलं. नानाजींनी क्षणभर विचार केला. "लग्नं जुळवते," ते म्हणाले. बाईने उठून मुलीला फोटोच्या पाया पाडलं. त्या बाईने आधी आपल्याकडे एकदा नीट पाहायला हवं होतं, असं प्रेमिलाला वाटलं. झहिराबाद येईपर्यंत रुपरावांच्या गळ्यात मोगऱ्याचा आणखी एक हार होता आणि काचेवर तुपाचं बोट.

बीदरच्या किल्ल्यात शिरले तेव्हा ते दोघेच राहिले नव्हते. मागून ते कुटुंब होतं, नारळासकट. त्यांना पाहून टांगेवाला होता. टांगेवाला हात जोडतो हे पाहून केळीवाली होती. नानाजी फोटो डोक्यावर घेऊन पुढे. नरसिंहाचं नाव त्यांनी सकाळपासून काढलं नव्हतं. महाराजांचा भाऊ होण्यात छातीभर पाण्यापेक्षा जास्त पुण्य असावं.

रंगीन महालाच्या दाराला कुलूप होतं. पायरीवर एक म्हातारा पहारेकरी बशीतून चहा पीत होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याने मिरवणूक वरून खालपर्यंत पाहिली आणि चहा संपवला.

"तस्वीर लेके अंदर नक्को," तो म्हणाला.

"काहून नक्को?" नानाजी उसळले. "आमचे महाराज एवढ्या दूरून आले!"

"हौ, आते सब दूर से. मियाँ, आज हार लाए. कल नारियल फोड़ेंगे. परसों घंटी टाँगेंगे. उसके बाद मैं ये कुंजी कौनकू देना, बोलो?"

प्रेमिलाने मागे वळून पाहिलं. उपवर मुलीची आई नारळ आपटण्यासाठी दगड शोधत होती. पहारेकऱ्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्याने घंटी जरा लवकर, उद्यावरच धरली असती तरी चाललं असतं.

"मुसलमान आहे म्हणून अडवून राहिला," नानाजी तिच्या कानात म्हणाले, बरेच मोठ्याने.

"नाही, काका. आपण आणलं आहे ते सामान पाहून अडवतो आहे."

दाराच्या फटीतून आत काळोख दिसत होता. त्या काळोखात कुठे तरी तो कोपरा होता, वीस पावलांवर. आत्ता परत फिरलं तर तो पुढेही तसाच राहणार. जेवताना हात थांबवणारं घरी आता कुणी नव्हतं. तिने नानाजींच्या डोक्यावरून फोटो उतरवून घेतला. मोगऱ्याचा हार काढला. चंदनाचाही काढला आणि पिशवीत टाकला. पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसलं. कुंकू निघालं; तूप पसरलं, आणि रुपरावांचं कपाळ चकचकीत झालं.

"महाराज नहीं हैं," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "मेरे पिताजी हैं. सरकारी दफ्तर में नक्शे उतारते थे. यहाँ की बेल उतारी थी, तस्वीर देखकर. एक कोना रह गया. मार्च में मर गए."

गेले, वारले, देवाघरी गेले, असं सगळे तिला अडीच महिने सांगत होते आणि तीही तेच परत सांगत होती. हा शब्द तिने त्या पायरीवर पहिल्यांदा उच्चारला. परक्या भाषेत तो त्यातल्या त्यात सोपा गेला.

 मग उपवर मुलीची आई म्हणाली, "फिर हम पाँव किसके पड़े?"

याचं उत्तर नानाजींनी द्यायला हवं होतं. ते तटबंदीचं बांधकाम निरखत होते. केळीवाली आधी गेली. टांगेवाला हसत गेला. त्या बाईने हातातला नारळ काय करावा न कळून तो तिथेच भिंतीवर आपटला आणि मुलीचा दंड धरून तरातरा निघून गेली.

पहारेकऱ्याने जुडग्यातून किल्ली शोधली. "नक्शानवीस थे?" तो म्हणाला. "ऐसा बोलना था ना पहले. लाओ अंदर."

आत गार होतं. लाकडी खांब अंधारातून एकेक करून दिसू लागले, कोरीव, काळवंडलेले. पहारेकऱ्याने पलीकडचं दार ढकललं तशी उन्हाची पट्टी भिंतीवर गेली, आणि काळ्या दगडातली वेल जागोजाग पेटली. पांढरी, मग हिरवट, मान हलवली की गुलाबी. नानाजी देखील "अबब" म्हणाले आणि म्हटल्याबद्दल लगेच खोकले.

प्रेमिलाने नळीतून मेणकापड काढलं, उलगडलं, भिंतीसमोर धरलं. पान पान जुळत होतं. हा फाटा, हे वळण, ही तीन पानं एकाआड एक. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या तीन दुपारी एकही रेघ चुकली नव्हती. ती वरून खाली पाहत आली, उजवीकडून डावीकडे, आणि शेवटी खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी पोचली.

कोपऱ्यात पहारेकरी उभा होता.

खाकी सदरा, भिंतीला पाठ टेकलेली, हात मागे. दोन्ही दारांवर नजर ठेवायला तीच जागा सोयीची होती, आणि तो तिथे रोज तसाच उभा राहत असणार, कारण दगड त्याच्या पाठीच्या उंचीला घासून गुळगुळीत झाला होता.

प्रेमिलाने मेणकापड खाली घेतलं. नानाजींना काही कळेना. ते म्हणाले, "काय झालं वं? काहून थांबली?"

"जरा सरकिए," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "दो कदम."

"मैं?" तो म्हणाला. "बीस बरस हुए, कोई नहीं बोला." आणि दोन पावलं सरकला. इतकं सोपं होतं ते.

कोपऱ्यातले शिंपले गळून गेले होते. पण दगडात त्यांच्यासाठी कोरलेल्या खाचा तशाच होत्या, इतक्या रेखीव, की कोणतं पान कुठे होतं ते बोटाने सांगता यावं. फूल नव्हतं. वेल वळूनही जात नव्हती. कारागीर वरपासून ऐसपैस पानं काढत आला होता आणि कोपऱ्याशी त्याला जागाच उरली नव्हती. शेवटचं पान त्याने आडवं बसवायचा प्रयत्न केला असावा. ते बसेना, म्हणून उभं करून, दुमडून, काठाच्या रेघेला घासून वर चढवलं होतं.

रुपराव पोस्टकार्ड असंच लिहीत. वर ऐसपैस खुशाली, पावसापाण्याची चौकशी, आणि मुख्य मजकुराच्या वेळी जागा संपलेली. मग शेवटची ओळ काठाने उभी, बारीक अक्षरात वर चढायची. 'पोस्टातल्या लोकांनी मान वाकडी करायची का?' म्हणून गोपिकाबाई त्यांना आयुष्यभर बोलल्या होत्या.

प्रेमिला हसू लागली. आधी तोंड मिटून, मग मोठ्याने. दालन घुमलं. पहारेकरी चपापला.

"काहून हासून राहिली?" नानाजी घाबरून म्हणाले. "पोरी, बस खाली. पाणी आणू का?"

"जागा पुरली नाही, काका," ती म्हणाली. "त्यालाही जागा पुरली नाही."

तिने फोटो उचलला आणि यमुताईंनी सांगितल्याप्रमाणे उजवीकडून धरला. तुपकट कपाळाचे रुपराव बाजूला पाहता पाहता बरोबर कोपऱ्यात पाहू लागले. चौकट जड होती. प्रेमिला तशीच उभी राहिली. पहारेकऱ्याने घाई केली नाही. एकदा फक्त "हाथ मत लगाओ दीवार कू" एवढं म्हणाला, आणि तेही सवयीने.

बऱ्याच वेळाने नानाजींनी हळूच विचारलं, "दिसलं का भाऊले?"

"दिसलं."

"मंग दे इकडे. हात भरून आले असतीन तुये." त्यांनी फोटो घेतला, या वेळी डोक्यावर नाही, काखेत.

बाहेर भिंतीशी फुटलेल्या नारळावर एक कावळा बसला होता. तो नागपूरचा असणं शक्य नव्हतं. पण नानाजी थांबले, चपला काढल्या, हात जोडले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "भाऊ, बांधाचंही पाहतो."

कावळ्याने खोबरं खाल्लं. प्रेमिला साक्षीदार होती, आणि आता ते नानाजींच्या चांगलंच लक्षात आलं होतं.

किल्ल्यासमोरच्या पोस्टातून तिने कृष्णकांतला कार्ड लिहिलं. हेडक्लार्कला फायलीला लावायला काही तरी हवं असेल, म्हणून वर ठिकाण, तारीख, वेळ घातली. मग प्रवास, बस, सद्गुरू, नारळ, पहारेकरी, सगळं लिहीत गेली. मुख्य मजकूर आला तेव्हा कार्ड भरलं होतं. तिने ते उभं फिरवलं आणि काठाने, बारीक अक्षरात, शेवटची ओळ वर चढवली: 'शिपाई सरकला. आईला सांग, मान वाकडी करून वाच.'